हक्क जमिनीचा की माणसाचा? : पुरंदर तालुक्यातील पाणी पंचायत आणि अल्पभूधारक शेतकरी (१९७२ ते २००५)

गोषवारा

महाराष्ट्रातील अल्पभूधारक शेतकऱ्याच्या साहाय्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कर्ज, विहीर, बांधबंदिस्ती, कालवा अशा अनेक योजना झाल्या. या योजनांचा लाभ सामान्यतः धारण केलेल्या जमिनीच्या प्रमाणात मिळत असे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने ही जोडणी तोडून पाण्याचा हक्क कुटुंबातील माणसांच्या संख्येवर आधारला. प्रस्तुत निबंधात या प्रयोगाची ऐतिहासिक पूर्वपीठिका, त्याची तत्त्वे, त्याच्या मर्यादा आणि २००५ च्या जलविषयक कायद्यांशी असलेले त्याचे नाते तपासले आहे. पाणी पंचायतीचे नाव व तिची संघटनात्मक कल्पना पुढील काळात स्वीकारली गेली, परंतु तिचे मूळ तत्त्व कायद्याने स्वीकारले नाही, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : अल्पभूधारक, पाणी पंचायत, समन्यायी पाणीवाटप, पाणलोट क्षेत्र विकास, उपसा सिंचन, पाणी वापर संस्था.

१. प्रस्तावना

१९७०-७१ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ५० लाख वहितीखातेदार होते आणि एका खात्याचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत खात्यांची संख्या सुमारे १५३ लाखांवर गेली आणि सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टरपर्यंत खाली आले. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्या अल्प व अत्यल्प भूधारकांचे प्रमाण आता एकूण खातेदारांच्या सुमारे चार-पंचमांश आहे. पंचेचाळीस वर्षांत घडलेल्या या बदलामुळे अल्पभूधारकाचा प्रश्न हा शेतकरी समाजातील एका गटाचा प्रश्न राहिलेला नसून तो महाराष्ट्राच्या शेतीचाच प्रश्न झाला आहे.

या शेतकऱ्याची जमीन वाढविणे शक्य नाही. वारसाहक्काने ती पिढीगणिक विभागली जाते. जिरायत भागात त्याच्या उत्पन्नात स्थैर्य आणू शकणारा घटक म्हणजे पाणी होय. तथापि राज्यात किती पाणी अडविले गेले, किती धरणे झाली, किती क्षेत्र ओलिताखाली आले, या प्रश्नांची चर्चा जितकी झाली तितकी अडविलेल्या पाण्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाची झाली नाही. पाणी पंचायतीचे महत्त्व हा दुसरा प्रश्न उघडपणे मांडण्यात आहे. म्हणूनच तिचा विचार केवळ एक यशस्वी स्वयंसेवी उपक्रम म्हणून न करता हक्काच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून करणे आवश्यक ठरते.

२. पूर्वपीठिका : जमिनीमागे जाणारे पाणी

पुरंदर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. सासवड, जेजुरी व कऱ्हा नदीचे खोरे हा त्याचा मुख्य भाग असून पूर्वेकडील गावांत पाऊस कमी व अनियमित पडतो. बाजरी व ज्वारी ही तेथील परंपरागत पिके होत. शेजारच्या तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी सावकारांविरुद्ध उद्रेक झाला आणि तेथून दख्खनच्या दंग्यांना प्रारंभ झाला. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा करण्यात आला. कर्जाच्या दाव्यात मूळ व्यवहाराची तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयांना देऊन या कायद्याने शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे जाऊ नये असा प्रयत्न केला. त्याच वर्षी मुंबई पाटबंधारे अधिनियमही संमत झाला. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमीनमालकाला आपल्या हद्दीतील भूगर्भातील पाणी काढण्याचा व वापरण्याचा अधिकार मान्य केला. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज अधिनियमाने विहिरी व बांध यांसाठी तगाई देण्याची व्यवस्था केली.

हे चार कायदे एकत्र पाहिले असता एक समान सूत्र स्पष्ट होते. सरकारच्या दृष्टीने शेतकरी म्हणजे जमीन धारण करणारा. कर्ज जमिनीच्या तारणावर, विहीर जमिनीत, भूगर्भातील पाणी जमिनीच्या मालकाचे आणि कालव्याचे पाणी अर्जात नमूद केलेल्या शेतासाठी व पिकासाठी. ज्याची जमीन अधिक त्याचा या व्यवस्थेतील वाटाही अधिक. ज्याच्याजवळ जमीनच नाही त्याचा पाण्याशी संबंध केवळ पिण्यापुरता किंवा मजुरीपुरता.

पुरंदरमध्ये या सूत्राचा परिणाम ठळकपणे दिसतो. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरील वीर येथून निघणारा नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाची पार्श्वभूमी या कामाला होती. कालव्याच्या लाभक्षेत्रात पुढे ऊस वाढला व बारामती-इंदापूरचा पट्टा बागायती झाला. उसाच्या वाढत्या मागणीमुळे पाणी मोजक्या शेतांत एकवटू लागले, तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ठोक पद्धत सुचविली. ठोकातील सुमारे एक-तृतीयांश क्षेत्रातच ऊस घ्यावा व उरलेल्या क्षेत्रात इतर पिके घ्यावीत, जेणेकरून अधिक गावांना लाभ मिळेल, असे तिचे स्वरूप होते. पाण्याच्या वाटपावर काही मर्यादा असावी हा विचार येथे आढळतो, परंतु मर्यादेचे माप जमीन हेच राहिले. कालव्याच्या पातळीपेक्षा उंचावर असलेल्या पुरंदरच्या माळरानांचा तर या व्यवस्थेत समावेशच नव्हता.

याच काळात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात वेगळा विचार मांडला. फुले यांचे कुटुंब काही काळ पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे वास्तव्यास होते. डोंगरउतारांवरून वाहून जाणारे पाणी व सुपीक माती ताली-बंधारे घालून शेतातच अडवावी आणि या कामासाठी लष्कर व पोलीस यांतील मनुष्यबळ वापरावे, अशी सूचना त्यांनी केली. आजच्या परिभाषेत जिला पाणलोट क्षेत्र विकास म्हणतात, तिचे मर्म या सूचनेत आहे. १९३३ पासून सोलापूर येथे चाललेले कोरडवाहू शेतीचे संशोधन व १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम यांमुळे बांधबंदिस्तीला शासकीय मान्यता मिळाली. मात्र बांध घातल्यानंतर मुरलेल्या पाण्याची वाटणी हा विषय या कार्यक्रमांच्या कक्षेबाहेरच राहिला.

सामूहिक पाणीवाटपाची देशी परंपरा महाराष्ट्रात नव्हती असे नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडून एका फडात एकच पीक घेतले जाई. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवला जाई आणि तुटीचा भार सर्वांवर विभागला जाई. पाटकरी गावाने नेमलेला असे. शिस्तीच्या दृष्टीने ही पद्धत अत्यंत प्रगत होती, तरी तिच्यातही सहभागी होण्यासाठी फडात जमीन असणे आवश्यक होते.

३. १९७२ चा दुष्काळ आणि नायगावचा प्रयोग

१९७० ते १९७३ या काळात महाराष्ट्राने सलग अवर्षण अनुभवले. १९७२-७३ मध्ये त्याची तीव्रता पराकोटीला गेली व मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांपर्यंत पोहोचली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला या काळात व्यापक स्वरूप आले. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

दुष्काळी कामांवर उपाशी माणसांना मजुरी मिळाली, ही या व्यवस्थेची मोठी कामगिरी होय. तथापि कामाच्या स्वरूपाबद्दल प्रश्न उरले. खडी फोडणे व रस्ते करणे यांतून पुढील दुष्काळ टाळला जात नव्हता. पाझर तलावांच्या कामांतून पाणी जिरत होते, पण त्या पाण्याचा उपसा तलावाखाली विहीर असणारा शेतकरी करीत होता. तलावाची माती वाहणाऱ्या भूमिहीन मजुराला किंवा वरच्या अंगाला तुकडाभर माळ असणाऱ्या शेतकऱ्याला काम संपल्यानंतर त्या तलावातून काहीच मिळत नव्हते. सार्वजनिक पैसा आणि गरिबांचे श्रम यांतून निर्माण झालेले पाणी खासगी विहिरीत उतरत होते.

पुण्यातील अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे दुष्काळाच्या काळात पुरंदर तालुक्यात फिरले, तेव्हा हीच विसंगती त्यांच्या नजरेस आली. दुष्काळी कामांवरील मनुष्यबळ मृद् व जलसंधारणासाठी वापरले जावे, असा आग्रह त्यांनी धरला. केवळ सूचना करून भागणार नाही, हे जाणून त्यांनी १९७४ साली नायगाव येथे देवस्थानच्या मालकीची सुमारे १६ हेक्टर, म्हणजे ४० एकर, उताराची व निकृष्ट जमीन ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. कल्पनाताई साळुंखे यांच्यासह त्यांनी या कामाला वाहून घेतले. ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था याच सुमारास स्थापन झाली.

नायगावच्या प्रक्षेत्रावर केलेली कामे तांत्रिकदृष्ट्या साधी होती. उतारावर समपातळी बांध घालण्यात आले, उताराच्या पायथ्याशी पाझर तलाव झाला, त्याखाली विहीर खोदण्यात आली आणि विहिरीचे पाणी पंपाने वर उचलून शेतात नेण्यात आले. धान्यपिकांखालील क्षेत्राबरोबर गवत व झाडे यांसाठीही जागा ठेवण्यात आली. पूर्वी जेथे पावसाच्या भरवशावर तुटपुंजे धान्य निघत असे तेथे संरक्षित ओलितावर पीक उभे राहू लागले. या अनुभवातून साळुंखे यांच्या हाती एक माप आले. अवर्षणप्रवण भागात एका माणसाच्या निर्वाहासाठी साधारण अर्धा एकर क्षेत्राला हंगामी पाणी मिळणे पुरेसे ठरते. शेतीच्या पाण्याचे गणित जमिनीपासून सुरू न करता माणसाच्या गरजेपासून सुरू करण्याची दिशा या मापाने दिली.

४. पाणी पंचायतीची तत्त्वे

नायगावच्या अनुभवानंतर परिसरातील शेतकऱ्यांनी अशाच योजनांची मागणी केली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुरंदर व लगतच्या भागांत उपसा सिंचनाच्या सामूहिक योजना उभ्या राहू लागल्या. प्रत्येक योजनेच्या लाभधारकांनी पुढील नियम मान्य करणे बंधनकारक होते :

(१) योजना केवळ गटासाठी असेल, एकट्या शेतकऱ्यासाठी नाही.
(२) पाण्याचा हक्क कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार ठरेल. प्रत्येक माणशी अर्धा एकर व एका कुटुंबास कमाल अडीच एकर भिजेल इतके पाणी मिळेल.
(३) पाण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला राहणार नाही. जमीन विकली तरी पाणी जमिनीबरोबर जाणार नाही, ते पंचायतीकडे परत येईल.
(४) भूमिहीनांसह गावातील सर्वांचा पाण्यावर हक्क राहील.
(५) उसासारखी अधिक पाणी लागणारी बारमाही पिके घेता येणार नाहीत.
(६) योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारक उचलतील.

खर्चाच्या उरलेल्या भागापैकी ५० टक्के शासकीय अनुदानातून व ३० टक्के प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जातून उभा राहावा, अशी योजना होती. पाणी सोडण्यासाठी गट पाटकरी नेमीत असे. कोणत्या शेताला किती वेळ पाणी द्यावयाचे याचा निर्णय गटाचा असल्यामुळे पाटकऱ्याला कोणा एका बड्या शेतकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नसे.

या नियमांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. गटातील एका पाच माणसांच्या कुटुंबाकडे तीन एकर जमीन आहे आणि दुसऱ्या पाच माणसांच्या कुटुंबाकडे तीस एकर आहे, असे समजू. जमिनीच्या प्रमाणात वाटप झाल्यास दुसऱ्या कुटुंबाला पहिल्याच्या दहापट पाणी मिळेल. पाणी पंचायतीच्या नियमानुसार दोघांनाही अडीच एकरांचेच पाणी मिळते. तीन एकरवाल्याची बहुतेक जमीन ओलिताखाली येते, तर तीस एकरवाल्याची बहुतेक जमीन जिरायतच राहते. जमिनीचे फेरवाटप न करता शेतीतील विषमता कमी करण्याचा हा मार्ग होता. कमाल जमीनधारणा कायद्याने जमिनीबाबत जे साधावयाचे होते ते येथे पाण्याबाबत, परस्परसंमतीने साधले जात होते.

तिसरा नियम कायद्याच्या दृष्टीने सर्वांत धाडसी म्हणावा लागेल. १८८२ पासून रूढ झालेली जमीन आणि पाणी यांची जोडणी या एका नियमाने तोडली. ओलिताच्या जमिनीला जिरायत जमिनीपेक्षा अधिक भाव मिळतो, कारण खरेदीदार जमिनीबरोबर पाणीही विकत घेत असतो. सार्वजनिक अनुदानातून आलेले पाणी अशा रीतीने खासगी भांडवलात रूपांतरित होते. पाणी पंचायतीत हे रूपांतर शक्य नव्हते.

पिकांवरील निर्बंध हा या व्यवस्थेचा शाश्वततेशी थेट संबंध असलेला भाग होय. महाराष्ट्रात उसाखालील क्षेत्र एकूण पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असून सिंचनाच्या पाण्याचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा हे एकच पीक घेते, असा अंदाज अनेक अभ्यासांत मांडला गेला आहे. पाझर तलाव व विहिरीवर आधारलेल्या छोट्या योजनेत दोन-चार शेतकऱ्यांनी ऊस लावला तरी उन्हाळ्यापूर्वी विहीर कोरडी पडते. म्हणून ऊसबंदी हा केवळ नैतिक संयम नव्हता. ती समान वाटपाची पूर्वअट होती.

५. समकालीन प्रयोगांशी तुलना

पाणी पंचायत हा या काळातील एकटाच प्रयत्न नव्हता. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोट विकासाचे काम झाले. त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रूढ केली, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास व ऊस-केळीसारख्या पिकांना बंदी घातली आणि बाहेरच्या व्यक्तींना जमीन विकू नये असा निर्णय घेतला. या गावांत पाणीवापराला मर्यादा घालणारे सामूहिक नियम होते, परंतु विहिरीचे पाणी विहीरमालकाचे ही चौकट मोडलेली नव्हती.

तत्त्वाच्या दृष्टीने पाणी पंचायतीला अधिक जवळचा प्रयोग सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात झाला. येरळा नदीच्या पात्रातील वाळूचा ठेकेदारांकडून होणारा बेसुमार उपसा थांबवून, मर्यादित वाळूविक्रीच्या उत्पन्नातून तांदुळवाडी-बलवडी परिसरातील शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण उभारले. मुक्ती संघर्ष चळवळीने या कामात पुढाकार घेतला होता आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा हे सूत्र तेथे मांडले गेले. समन्यायी पाणीवाटपाची ही मागणी पुढे आटपाडी व लगतच्या दुष्काळी तालुक्यांतील पाणी परिषदांतून व्यापक झाली.

या दोन प्रयोगांतील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. पाणी पंचायतीने सरकारी अनुदान घेऊन आपले नियम गटापुरते लागू केले. दक्षिण महाराष्ट्रातील चळवळीने हेच तत्त्व सरकारच्या मोठ्या प्रकल्पांना लागू करावे असा आग्रह धरला. एकीचा भर रचनेवर होता, दुसरीचा संघर्षावर. दोहोंच्या मुळाशी मात्र पाणी ही जमिनीची उपांगभूत वस्तू नव्हे, ही एकच भूमिका होती.

शासनाच्या पातळीवरही विचारमंथन चालू होते. १९७९ साली वि. म. दांडेकर, देऊसकर व दत्ता देशमुख यांच्या समितीने कालव्याचे पाणी बारमाही पिकांऐवजी आठमाही पद्धतीने देऊन अधिक क्षेत्राला लाभ द्यावा, अशी दिशा सुचविली. आठमाही पद्धतीचा गाभा आणि पाणी पंचायतीची ऊसबंदी यांत साम्य आहे. कालव्यांच्या लाभक्षेत्रात ऊस व साखर कारखानदारीचे हितसंबंध दृढ झालेले असल्यामुळे ही दिशा व्यवहारात उतरणे अवघड ठरले.

६. प्रयोगाच्या मर्यादा

पाणी पंचायतीचे मूल्यमापन करताना तिच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे इतिहासाला धरून होणार नाही.

पहिली मर्यादा अर्थकारणाची. योजनेचा निम्मा खर्च सरकारी अनुदानावर अवलंबून असल्यामुळे मंजुरीतील विलंबाचा फटका थेट गटाला बसत असे. उपसा सिंचन विजेवर चालते. वीजबिलाचा वाढता बोजा, भारनियमन व पंपांची दुरुस्ती यांमुळे अनेक गट अडचणीत आले. कालव्याचे पाणी उताराने वाहते व त्याच्या उभारणीचा बहुतांश खर्च शासन सोसते. पाणी वर उचलणाऱ्या गरीब शेतकऱ्याला मात्र प्रत्येक आवर्तनाची किंमत मोजावी लागते.

दुसरी मर्यादा भूमिहीनांच्या हक्काची. त्यांचा हक्क तत्त्वतः मान्य होता, पण पाणी वापरण्यासाठी जमीन लागतेच. दुसऱ्याची जमीन वाट्याने करून आपल्या हिश्शाचे पाणी तिच्यावर वापरणे हा मार्ग उपलब्ध होता, परंतु त्यासाठी जमीनमालकाची तयारी आवश्यक होती. त्यामुळे या तत्त्वाचा व्यवहारातील विस्तार मर्यादित राहिला. माणशी हक्क मोजताना स्त्रिया व मुले धरली जात. हक्काचा व्यवहार मात्र कुटुंब हे एकक धरून होत असल्याने स्त्रीचा स्वतंत्र हक्क प्रस्थापित झाला नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत मूलभूत आहे. गटाने स्वतःवर घातलेले निर्बंध गटाबाहेरच्या शेतकऱ्याला लागू नव्हते. पाझर तलावाखालील भूजल सर्वांना समाईक असते. गटाने ऊस न लावता पाणी राखले तरी शेजारच्या शेतात कूपनलिका घेऊन तेच पाणी उपसण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. संयम पाळणाऱ्याचे पाणी संयम न पाळणाऱ्याकडे जाण्याची शक्यता कायम होती. विलासराव साळुंखे यांचे २००२ साली निधन झाले. त्यांच्या हयातीतच ही अडचण स्पष्ट झाली होती, आणि केवळ व्यक्तीच्या प्रेरणेने ती दूर होण्यासारखी नव्हती. त्यासाठी कायद्याचे पाठबळ हवे होते.

७. कायद्याच्या चौकटीत पाणी पंचायत

१९९० च्या दशकात नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे वाघाड प्रकल्पावर समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने बापू उपाध्ये व भरत कावळे यांनी पाणी वापर संस्था उभ्या केल्या आणि कालव्याचे व्यवस्थापन शेतकरी सक्षमपणे करू शकतात हे दाखवून दिले. आंध्र प्रदेशने १९९७ साली शेतकऱ्यांकडे सिंचन व्यवस्थापन सोपविणारा कायदा केला. २००२ साली ओरिसा (आताचे ओडिशा) राज्याने केलेल्या कायद्याला तर ‘पाणी पंचायत’ हेच नाव देण्यात आले. मात्र तेथील पाणी पंचायत ही लाभक्षेत्रातील जमीनधारकांची संस्था होती. पुरंदरमध्ये रूढ झालेले नाव राज्याच्या सीमा ओलांडून गेले, परंतु माणशी हक्काचे तत्त्व त्याच्याबरोबर गेले नाही.

महाराष्ट्रात २००५ साली दोन महत्त्वाचे कायदे झाले. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद केली. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने पाण्याच्या हक्कदारीची संकल्पना कायद्यात आणली. वैयक्तिक अर्जाऐवजी गट आणि पिकाऐवजी पाण्याचे मोजमाप, हे दोन्ही बदल पाणी पंचायतीच्या विचाराशी सुसंगत होते.

हक्काच्या मापाबाबत मात्र चित्र वेगळे आहे. प्राधिकरण अधिनियमात लाभक्षेत्रातील प्रत्येक जमीनधारकाला कोटा द्यावा व तो जमिनीच्या आधारे ठरवावा, असे म्हटले आहे. टंचाईच्या काळात प्रत्येक जमीनधारकास शक्यतो किमान एक एकर भिजेल इतका कोटा मिळावा, अशीही तरतूद त्यात आहे. ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण तिच्यात जमिनीच्या आकारापलीकडे जाऊन किमान गरजेचा विचार डोकावतो. परंतु ती टंचाईपुरती व जमीनधारकापुरती मर्यादित आहे. दुसरीकडे, दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्याकडून पाणीपट्टी दीडपट दराने घेण्याची तरतूदही २००५ च्या मूळ अधिनियमात होती. पाणी पंचायतीत कुटुंबातील माणूस वाढला की, अडीच एकरांच्या कमाल मर्यादेत राहून, पाण्याचा वाटा वाढत असे. कायद्यात माणूस वाढला की पाण्याचा दर वाढणार होता. एकाच राज्यात, तीन दशकांच्या अंतराने मांडलेल्या या दोन नियमांतून माणसाकडे पाहण्याच्या दोन भिन्न दृष्टी प्रकट होतात.

भूजलाच्या क्षेत्रातही जुनी जोडणी टिकून राहिली. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा असून तो २०१४ मध्ये अमलात आला. त्याने नियमनाची चौकट दिली. त्याच दशकात राज्याने जलयुक्त शिवार अभियान व मागेल त्याला शेततळे यांसारख्या योजना राबविल्या. कोरडवाहू शेतकऱ्याला संरक्षित पाणी मिळावे हा त्यांचा हेतू होता. तथापि शेततळ्यासाठी स्वतःची व पुरेशी जमीन हवी. प्लास्टिकचे अस्तर घातलेली काही तळी पावसाच्या पाण्याऐवजी विहिरीतून उपसलेल्या पाण्याने भरली जातात, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. अशा वेळी समाईक भूजल खासगी साठ्यात बंदिस्त होते. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाखालील विहिरीबाबत जी विसंगती दिसली होती, तीच येथे नव्या रूपात दिसते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, अल्पभूधारकाच्या साहाय्याच्या योजना त्याच्या जमिनीच्या प्रमाणात आखल्या गेल्यास त्या त्याच्यापर्यंत अल्प प्रमाणातच पोहोचतात. हा दोष अंमलबजावणीपेक्षा मापाचा अधिक आहे आणि त्याची मुळे १८७९ ते १८८३ या काळातील कायद्यांपर्यंत जातात.

दुसरा, पाणी पंचायतीत समता आणि शाश्वतता ही दोन स्वतंत्र उद्दिष्टे नव्हती. वाटा समान असल्यामुळे पीकनियमन सर्वांना मान्य झाले आणि पीकनियमन असल्यामुळे समान वाटा देण्याइतके पाणी उरले. यांतील एक घटक काढून घेतल्यास दुसरा टिकत नाही. मृद्-जलसंधारणाची कामे करून वाटपाचा प्रश्न बाजूस ठेवणाऱ्या कार्यक्रमांचे यश अल्पजीवी का ठरते, याचे उत्तर येथे मिळते.

तिसरा, ऐच्छिक संघटनेला समाईक भूजलाचे संरक्षण एकटीने करता येत नाही. गटाचा नियम गटाबाहेरही लागू होण्यासाठी कायदा आवश्यक असतो. २००५ च्या कायद्यांनी संघटनेला मान्यता दिली, पण हक्काचे माप बदलले नाही.

खातेफोडीमुळे जमिनीचा तुकडा दर पिढीत लहान होत असताना जमिनीच्या प्रमाणात दिलेला पाण्याचा हक्कही त्याच गतीने आकसत जाणार, हे उघड आहे. नायगावच्या उतारावर १९७० च्या दशकात सापडलेले माणशी अर्ध्या एकराचे माप आजच्या परिस्थितीत जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. पिके, बाजारपेठ, वीज आणि कुटुंबाची रचना बदलली आहे. पुरंदरच्या अंजीर व सीताफळाच्या बागांचे गणित बाजरीच्या गणितापेक्षा निराळे आहे. परंतु माप शोधण्याची सुरुवात सातबाऱ्यावरील क्षेत्रापासून न करता त्या क्षेत्रावर पोट असणाऱ्या माणसांपासून करावी, हा पाणी पंचायतीचा आग्रह खात्यांची संख्या तिपटीने वाढलेल्या राज्याला अधिकच लागू पडतो.